एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मेंदू काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. गोव्यातल्या शाळा, वाचनालयं, महिला मंडळं, बँकांमधले कर्मचारी यांच्यासमोर या विषयावर बोलायला गेलं की काही प्रश्न हमखास येतात. पेडण्यातली गृहिणी असो की मडगावातला हिशेबनीस, दोघांची तक्रार एकच असते: दिवसभर हात रिकामा नव्हता, तरी संध्याकाळी एकही काम पुरं झालेलं नाही. आणि दोघंही दोष स्वतःच्या डोक्याला देतात. माझ्या मते तो दोष भलत्याच ठिकाणी लावलेला असतो. का, ते पुढच्या उत्तरांत येईल. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

एका वेळी दोन कामं होत नाहीत म्हणतात. मी तर नारळ खवता खवता बहिणीशी फोनवर बोलते. मग?

तुम्ही बोलता, आणि दोन्ही नीट होतं, यात शंका नाही. नारळ खवणं वर्षानुवर्षांच्या सवयीनं हातात बसलेलं आहे. त्यात क्षणोक्षणी काही ठरवावं लागत नाही. पण बहिणीनं मध्येच विचारलं, "लग्नाला आपल्याकडची किती माणसं धरू गं?" की हात थांबतो. हात थांबला नाही तर उत्तर अडखळतं.

ॲलन वेल्फर्ड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९५२ साली याचं स्पष्टीकरण मांडलं. दोन इशारे एकापाठोपाठ अगदी जवळ दिले, तर पहिल्याला काय प्रतिसाद द्यायचा हे ठरेपर्यंत दुसऱ्याचा प्रतिसाद खोळंबतो. पाहणं, ऐकणं, हात हलवणं हे सगळं एकाच वेळी चालू राहतं. 'आता काय करायचं' हे ठरवण्याची वाट मात्र अरुंद आहे. भरपूर सरावानं ती अडचण कमी होते, पण दोन्ही कामं रोज नवे निर्णय मागणारी असतील, पत्राचा मसुदा आणि फोनवरचा वाद, तर आपण प्रत्यक्षात एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात ये-जा करत असतो. ती इतकी भराभर होते की आपल्याला दोन्ही एकदम चालू असल्यासारखं वाटतं.

एका कामातून दुसऱ्यात जाणं म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं?

प्रत्येक कामाला मेंदूत एक मांडणी लागते. कशाकडे पाहायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं, कुठला नियम लावायचा, उत्तर हातानं द्यायचं की तोंडानं, हे सगळं त्या मांडणीत येतं. पावत्या तपासताना आकडे डोळ्यांत भरतात आणि माणसांची नावं नुसती सरकून जातात. निमंत्रणांची यादी करायला बसलात की त्याच डोळ्यांना नावं हवी असतात.

जत्रेतल्या नाटकात अंक संपून पडदा पडला की मागे दोन कामं चालतात: आधीच्या अंकातलं घर उचलायचं आणि पुढच्या अंकातलं देऊळ उभं करायचं. मेंदूलाही ही दोन्ही करावी लागतात. पुढचं उद्दिष्ट समोर आणायचं, त्याचे नियम जागे करायचे, आणि आधीचे नियम दाबून ठेवायचे. फरक इतकाच की मेंदूत आधीच्या अंकाचं सामान कधीच पुरतं हलत नाही, आणि पुढचा प्रवेश तेवढ्यातच सुरू होतो.

हे उरलेलं सामान दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा. शब्द वाचायची सवय इतकी पक्की असते की 'हिरवा' म्हणताना जीभ अडते. ॲलन ऑलपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याला एक जोड दिली. लोकांना कधी शब्द वाचायला, तर कधी रंग सांगायला लावलं. आपल्याला वाटेल की सोप्या कामाकडे परतणं सोपं जाईल. घडलं उलटं: अवघड कामातून सोप्या कामात येताना उशीर जास्त झाला. रंग सांगण्यासाठी वाचनाची सवय दाबून धरावी लागली होती, आणि तो दाब काम बदलल्यावरही काही काळ टिकून राहिला.

उलरिख मायर आणि स्टीव्हन कील यांनी २००० साली याच्या पुढचं दाखवलं. तीन कामं घ्या. पहिलं, दुसरं आणि परत पहिलं या क्रमानं केलं, तर त्या परतीला जास्त वेळ लागतो. तिसरं, दुसरं, पहिलं या क्रमात तेच पहिलं काम लवकर होतं. म्हणजे जे काम आपण नुकतंच सोडलं, तेच लगेच पुन्हा धरणं कठीण, कारण ते नुकतंच दाबलेलं असतं. 'अरे, आत्ता तर हेच करत होतो' असं म्हणून आपण स्वतःवर चिडतो. त्या चिडण्याला काही आधार नाही.

मेंदूत याचं एकच बटण नाही. कपाळामागचा पुढचा भाग, डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पार्श्विक भाग आणि खोलवरचे काही केंद्रसमूह मिळून हे काम करतात. खोलवरच्या केंद्रांचं काम डोपामीन या रसायनावर फार अवलंबून असतं. पार्किन्सनच्या आजारात हे डोपामीन घटतं. हालचाली मंदावतात, तसंच एका विचारातून दुसऱ्यात जाणंही जड होतं, त्याचं हे एक मोठं कारण.

हे मोजतात कसं? घरी बघता येईल?

येईल, आणि जरूर बघा. मोबाइलवरचं घड्याळ लावा आणि १ ते २० मोठ्यानं म्हणा. मग 'क' पासून 'न' पर्यंत मुळाक्षरं म्हणा. तीही बरोबर वीस आहेत. दोन्ही वेळा लिहून ठेवा. आता दोन्ही एकाआड एक म्हणा: १-क, २-ख, ३-ग, असं २०-न पर्यंत. बोलायचे शब्द तेवढेच, चाळीस. पण तिसऱ्या खेपेची वेळ पहिल्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त भरते. 'झ' किंवा 'ढ' च्या आसपास बहुतेकजण थबकतात. मुळाक्षरं सगळ्यांना येतात, आकडेही येतात. जादा लागलेला वेळ बदलाचा.

जवळपास हीच युक्ती आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन संशोधकानं १९२७ साली वापरली. एकाच प्रकारच्या कामाच्या याद्या आणि एकाआड एक काम बदलणाऱ्या याद्या त्यानं लोकांना दिल्या आणि वेळ मोजली. नंतर कित्येक वर्षं या विषयाकडे फारसं कुणी वळलं नाही.

१९९५ साली रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी जास्त काटेकोर पद्धत आणली. पडद्यावर एक अक्षर आणि एक अंक एकत्र येतात. दोनदा अक्षराबद्दल सांगायचं, स्वर की व्यंजन. मग दोनदा अंकाबद्दल, सम की विषम. पुन्हा अक्षर. क्रम ठरलेला, त्यामुळे काम कधी बदलणार हे माणसाला आधीच ठाऊक. तरी बदलानंतरचं पहिलं उत्तर रेंगाळतं आणि दुसऱ्याला गाडी रुळावर येते. तयारीला जास्त वेळ दिला की उशीर कमी होतो, पण शून्य होत नाही. तयारीला सेकंदभर मिळाला तरी थोडा उरतोच. मला हा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. कितीही इच्छा असली, पूर्वसूचना असली, तरी बदलाचा काही भाग त्या कामाला प्रत्यक्ष हात घातल्यावरच पुरा होतो.

आणखी एक गोष्ट अशाच प्रयोगांतून कळली. काम बदलू शकतं एवढी नुसती शक्यता असली, तरी न बदललेल्या फेऱ्यासुद्धा थोड्या मंदावतात, कारण मेंदूला दोन्ही मांडण्या हाताशी ठेवाव्या लागतात. फोन वाजलेलाच नाही, पण केव्हाही वाजेल म्हणून कान तिकडे, हा अनुभव याच्याच जवळचा आहे.

सेकंदाचा काही भाग गेला तर काय बिघडलं?

प्रयोगशाळेतली कामं मुद्दाम क्षुल्लक ठेवलेली असतात, म्हणून तिथला उशीरही छोटा दिसतो. खऱ्या कामात वेळेपेक्षा चुकांची चिंता मोठी आहे.

मिशिगन स्टेट विद्यापीठात एरिक ऑल्टमन यांच्या गटानं २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोक ठरावीक क्रमानं पायऱ्या करत होते, आणि मधूनमधून त्यांना अगदी छोटं दुसरं काम दिलं जायचं. व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा होता, तेव्हा क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या. ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाला तिप्पट. २.८ सेकंद म्हणजे मोबाइलवर आलेला संदेश कुणाचा हे बघून नजर परत वळवण्याएवढा वेळ.

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत परिचारिका औषधं देत असताना संशोधकांनी शेजारी उभं राहून नोंदी केल्या. २०१० साली ते निष्कर्ष आले. प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुका आणि प्रत्यक्ष औषधाच्या चुका, दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. माझ्या विद्यार्थिनींपैकी काहीजणी रुग्णालयांत नोकरीला आहेत. इंजेक्शन भरताना मागून कुणीतरी 'सिस्टर, खाट कधी मिळणार?' असं विचारतं, आणि त्यांना वळून उत्तर द्यावंच लागतं. विचारणाऱ्याची काळजी खरी असते. पण हातातली मात्रा मोजून झाली होती की मोजायची होती, हे त्या वळण्यात निसटतं. अशी चूक झाली की चौकशी होते ती त्या मुलीची. तिला तीनदा कुणी हाक मारली याची नोंद कुठेच नसते.

व्यत्ययानंतर लक्ष परत यायला २३ मिनिटं लागतात, हे खरं का?

या रूपात नाही. हा आकडा कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांच्या कामाशी जोडला जातो. त्यांनी कार्यालयांत माणसांच्या मागे बसून नोंदी ठेवल्या. त्यात दिसलं की तुटलेलं काम त्याच दिवशी पुन्हा हाती यायला सरासरी साधारण २५ मिनिटं जात होती. पण त्या वेळात माणूस रिकामा बसून लक्ष गोळा करत नव्हता, मधल्या मध्ये दुसरी दोन-एक कामं करत होता. म्हणजे हा परतीच्या वाटेचा काळ आहे, मेंदू सावरण्याचा नव्हे.

त्यांच्याच २००८ सालच्या प्रयोगाकडे जास्त लक्ष जायला हवं होतं. व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. मात्र ताण, वैताग आणि घाई जास्त होती. वेळेचा तोटा त्यांनी वेग वाढवून स्वतःच भरून काढला. म्हणूनच साहेबांना बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. 'काम तर वेळेवर झालं ना?' झालं, पण संध्याकाळी घरी पोचलेला माणूस पिळून निघालेला असतो.

आम्ही दिवसभर कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी करतो. यानं मेंदू दमतो की तल्लख होतो?

गोव्यात हा प्रश्न आला नाही असं एकही सत्र मला आठवत नाही.

पणजीतलं एक औषधांचं दुकान डोळ्यांपुढे आणा. म्हातारी कोकणीत गुडघ्याचं दुखणं सांगते आहे, हातातली चिठ्ठी इंग्रजीत आहे, माल घेऊन आलेला पोरगा हिंदीत सही मागतो आहे, आणि दुकानदार गोळ्यांच्या पट्ट्यांची किंमत मनाशी करताना पुटपुटतो, "तेरा सत्ते एक्क्याण्णव." मोठ्यानं बोलताना मात्र म्हणतो, "नाइन्टी वन." हे सगळं मिनिटभरात.

आकडे मराठीतच का येतात? १९६१ नंतर गोव्यात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि एका अख्ख्या पिढीचे पाढे मराठीत पाठ झाले. एलिझाबेथ स्पेल्के आणि सन्ना त्सिव्हकिन यांनी २००१ साली रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की अचूक आकडेमोड ज्या भाषेत शिकली, त्या भाषेत ती लवकर जमते. दुसऱ्या भाषेत तेच उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. अंदाजे हिशेबाला मात्र भाषेनं फरक पडत नाही. पाढे मराठीत म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याची मुलं हसतात, ते थांबवा. त्याचा मेंदू जवळची वाट धरतो आहे.

बदलाच्या खर्चाबद्दल रेनाटा म्यूटर आणि ऑलपोर्ट यांचा १९९९ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. द्विभाषकांना आकडे वाचायला दिले. पार्श्वभूमीच्या रंगावरून भाषा ठरायची. आपल्या पक्क्या भाषेत परतताना लोकांना जास्त उशीर झाला, कच्च्या भाषेत जाताना कमी. रंग आणि शब्दांच्या प्रयोगात घडलं तेच इथेही. कच्ची भाषा बोलायची तर पक्की दाबून धरावी लागते. दिवसभर पर्यटकांशी इंग्रजीत बोलून घरी आल्यावर साधा मराठी शब्द ओठांवर येत नाही, त्याची भीती बाळगू नका.

पण त्या प्रयोगात भाषा कधी बदलायची हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं. गप्पा मारताना आपण आपल्याच मर्जीनं, जो शब्द आधी सुचेल तो उचलतो, आणि समोरच्यालाही तो कळतो. अशा मोकळ्या बोलण्यात बदलाचा खर्च बराच कमी असतो, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी जमलेली चार भावंडं अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत बोलतात तेव्हा कुणी दमत नाही. दमतो तो खिडकीमागचा कारकून, ज्याची भाषा दर माणसागणिक समोरचा ठरवतो.

आता तल्लख होण्याबद्दल. दोन भाषा बोलणारे काम बदलण्यात सरस ठरतात, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो फायदा फारसा टिकला नाही, आणि संशोधकांत अजून वाद आहे. मुलांना चार भाषा याव्यात, पण मेंदूला व्यायाम म्हणून नव्हे. आजीशी बोलता यावं, पेपर वाचता यावा, नोकरी मिळावी, ही कारणं भरपूर आहेत.

बायकांना हे जात्याच जमतं ना?

नाही. २०१९ साली जर्मन संशोधकांनी स्त्री-पुरुषांना दोन्ही प्रकारची कामं दिली, एकाच वेळी करायची आणि आलटून पालटून करायची. फरक सापडला नाही. दोघांचाही वेग मंदावला, दोघांच्याही चुका वाढल्या.

हा प्रश्न मला बहुधा पुरुष विचारतात, आणि तोही कौतुकानं. चवथीच्या आदल्या दिवशी एखादी बाई नेवऱ्यांचं सारण परतते, गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला काय आलं नाही ते लक्षात ठेवते, धाकट्याचा गणवेश शोधते आणि सासऱ्यांच्या गोळीची वेळ सांभाळते. तिचा मेंदू वेगळा नाही. या चारही गोष्टी तिच्यावर सोडलेल्या आहेत, एवढंच. 'तुला बरं जमतं' म्हणण्याऐवजी त्यातल्या दोन गोष्टी पूर्ण उचला. पूर्ण म्हणजे आठवण ठेवण्यासकट. गोळी आणून द्यायची पण वेळ तिनं सांगायची, यात तिचं काहीच कमी होत नाही.

हेल्मेटमध्ये ब्लूटूथ लावून बोललं तर चालेल? हात तर मोकळेच असतात.

चालणार नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली गाडी चालवण्यासारखं काम देऊन हे तपासलं. फोन हातात धरणारे आणि हात मोकळे ठेवून बोलणारे, दोघांचेही सिग्नल सारखेच चुकले. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचे तसे चुकले नाहीत. हातांचा प्रश्नच नव्हता. संभाषण सतत नवे निर्णय मागतं, आणि ती अरुंद वाट अडवून ठेवतं.

मागे बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं, कारण वळणावर आडवी आलेली गाय त्यालाही दिसते आणि तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला काही दिसत नाही.

'मला जमतं' म्हणणाऱ्यांसाठी: असे लोक खरोखर असतात. २०१० सालच्या अभ्यासात २०० पैकी पाचजणांची कामगिरी दोन्ही कामं एकत्र करताना घसरली नाही. उरलेल्या १९५ जणांत आपण आहोत असं धरून चला.

तीन वर्षांचं मूल एका खेळातून दुसऱ्याकडे वळतच नाही. हा हट्ट आहे का?

बहुतेक वेळा नाही. याचा एक सुंदर प्रयोग आहे, कॅनडातल्या फिलिप झेलाझो यांनी प्रचलित केलेला. मुलाला चित्रांचे पत्ते आधी रंगावरून लावायला सांगतात. मग म्हणतात, आता आकारावरून लाव. तीन वर्षांची बरीच मुलं रंगावरूनच लावत राहतात. 'आता कसं लावायचं?' असं विचारलं तर बरोबर सांगतात, आणि हात पुन्हा रंगाकडेच जातो. नियम कळलेला असतो, पण जुनी मांडणी सुटत नाही. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे जमू लागतं. कपाळामागचा भाग पक्का व्हायला मात्र विशी उलटावी लागते.

म्हणून 'किती वेळा सांगितलं तुला!' याचा उपयोग होत नाही, कारण सांगितलेलं त्याला समजलेलं आहे. जवळ जाऊन जुनं काम त्याच्याबरोबर आवरा आणि नव्या कामाची पहिली कृती त्याच्या हातानं करून घ्या. चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजीतून गणित सुरू होणाऱ्या मुलांबाबतही हाच धीर धरायला हवा. त्यांना विषय आणि भाषा दोन्ही मांडण्या एकदम उभाराव्या लागतात.

वय झाल्यावर हे का जड जातं?

एकेका बदलाचा उशीर वयानं फार वाढत नाही. वाढतो तो दोन-तीन कामं एकदम हाताशी ठेवण्याचा भार. पंच्याहत्तरीतले बाबा बिलं भरण्याचं काम चोख करतात, पण त्याच वेळी गॅसकडेही बघा म्हटलं की गडबडतात. एकावेळी एकच काम द्या. ते त्यात तुमच्यापेक्षा काटेकोर निघतील.

फोनमुळे लक्ष कायमचं बिघडतं?

तसं सिद्ध झालेलं नाही. स्टॅनफर्डमधल्या २००९ च्या अभ्यासात बरीच माध्यमं एकदम वापरणारे लोक बिनमहत्त्वाची माहिती गाळण्यात आणि काम बदलण्यातही मागे दिसले. पुढच्या अभ्यासांत कुठे तसंच दिसलं, कुठे नाही. मुळात विचलित होणारी माणसंच फोनकडे जास्त वळतात, हेही शक्य आहे. फोन हातात असताना समोरचं काम तुटतं, याला मात्र वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

सरावानं सुधारणा होते का?

ज्या दोन कामांचा सराव केला त्यांच्यातला बदल सुकर होतो. तो फायदा तिसऱ्याच कामाला फारसा लागू पडत नाही. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ॲपवर पैसे घालण्यापेक्षा रात्रीची झोप पुरी करा. झोप अपुरी असली की काम बदलताना हमखास अडखळायला होतं.

काम मध्येच सोडावं लागलं तर परत कसं धरायचं?

उठण्याआधीचे चार-पाच सेकंद फार मोलाचे असतात. हाक आली की 'आलोच' म्हणा आणि पुढची कृती एका ओळीत लिहा. 'मार्चचं बिल' एवढं पुरेसं नाही. 'मार्चचं बिल, ओळ १४, जीएसटी जुळत नाही, फोंड्याच्या पावतीशी ताडून बघणे' असं लिहा. परतल्यावर ती ओळच मांडणी उभी करायला लागते.

याचा दुसराही फायदा आहे. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवलं की आधीचं काम अर्धवट असेल तर लक्षाचा काही भाग तिथेच अडकून राहतो, आणि नवं काम खराब होतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं आढळलं की अपुरं काम पुढे नेमकं कधी आणि कसं करायचं हे ठरवून ठेवलं, की ते मनात डोकावणं थांबतं. काम संपलेलं नसतं, तरी.

अडलेल्या कोड्यापासून थोडा वेळ दूर जाणं मात्र चांगलंच असतं. काही काळानं परतल्यावर उत्तर सुचण्याची शक्यता वाढते, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. आपण होऊन सोडलेलं काम आणि ओढून नेलेलं काम यांत फरक करायला हवा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

गोंधळ नेहमीचाच असेल आणि निवांत दिवशी कमी होत असेल, तर बहुधा आजार नाही. पण बदल अलीकडचा असेल, वाढत असेल, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला असेल, तर दाखवाच. माणूस एकाच गोष्टीत अडकतो आणि चूक दाखवूनही तेच करत राहतो, हेही लक्षण आहे. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ साली मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांत हेच नोंदवलं. पत्ते लावण्याचा नियम बदलला, 'चूक' असं दर वेळी सांगितलं, तरी ते जुन्याच नियमानं पत्ते लावत राहिले. नैराश्य, अतिचंचलता आणि पार्किन्सन यांतही काम बदलणं जड जातं, आणि तिन्हींवर उपचार आहेत. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था दोन्ही आहेत. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

हे सगळं पटलं. पण आमच्या कार्यालयात कोण ऐकणार?

विमान कंपन्यांनी ऐकलं. अमेरिकेच्या विमान नियामकानं १९८१ साली नियम केला की विमान १०,००० फुटांखाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं नाही, करायचं नाही. आपले वैमानिक दुबळ्या मनाचे आहेत, असा त्याचा अर्थ कुणी लावला नाही. गप्पांत रमल्यानं अपघात झाले होते, आणि महत्त्वाच्या मिनिटांना संरक्षण हवं एवढं मान्य झालं.

तुमच्याकडेही सगळा दिवस शांत ठेवायची गरज नाही. कुठल्या कामात क्रम चुकला तर नुकसान होतं, ते आधी शोधा: रोकड मोजणं, नोंदणीत सर्व्हे क्रमांक चढवणं, औषध भरणं, गुणपत्रिकेत गुण लिहिणं. तेवढ्या कामापुरती एक खुर्ची ठरवा. तिथे बसलेल्याला हाक मारायची नाही, आणि चौकशीची उत्तरं शेजारच्यानं द्यायची. तासाभरानं दोघांनी जागा बदलायची. साहेबांनी 'एक मिनिट जरा' म्हणून त्या खुर्चीवरच्या माणसाला बोलावलं नाही, तर बाकीचे आठवड्याभरात शिकतात. तेव्हा सुरुवात साहेबांशी बोलण्यापासून करा, आणि शक्य असेल तर आधी महिनाभर चुकांसमोर आणखी एक रकाना ठेवा: चूक झाली तेव्हा कुणी हाक मारली होती का.